शेजाराची मान्यता : मुंबईच्या परिसर-व्यवस्थापन योजनेची एक चिकित्सा

नगरशासन आणि नागरिक ह्यांच्या परस्परसंबंधांचा विचार आपल्याकडील राज्यशास्त्रीय लेखनात बहुधा दोनच टोकांवरून केला जातो. एका टोकाला मतदान आणि प्रतिनिधित्व, तर दुसऱ्या टोकाला कर आणि सेवा. ह्या दोहोंच्या मध्ये एक विस्तीर्ण आणि काहीसे अस्ताव्यस्त क्षेत्र पडलेले आहे. चाळ कमिट्या, गृहनिर्माण सोसायट्या, गल्लीतील रहिवासी संघ, वस्तीतील मंडळे ह्यांचे ते क्षेत्र. त्याकडे अभ्यासकांची दृष्टी उशिरा वळली. आणि वळली तेव्हाही तिचा रोख ह्या संघांच्या उत्साहावर किंवा त्या उत्साहाच्या अभावावर राहिला. नगरशासन अशा संघांना कोणत्या रीतीने हाताशी धरते, त्यांना कोणते साहाय्य देते, आणि त्या साहाय्याबरोबर कोणते वळण लावते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित आहे. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाची चिकित्सा मुंबई महानगरपालिकेच्या एका योजनेच्या आधारे करावयाची आहे. ही योजना 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ह्या नावाने ओळखली जाते. व्यवहारात तिचे इंग्रजी आद्याक्षरी नाव 'एएलएम' हेच अधिक रूढ आहे.

शासनाने शेजाराला आश्रय द्यावा आणि त्याबदल्यात त्याच्याकडून काही कामे करून घ्यावीत, ही कल्पना आपल्याला नवी नव्हे. पुण्याच्या पेठा वसल्या त्या काळी पेठ वसविण्याचे काम शेटे-महाजनांकडे सोपविले जाई आणि त्यांना त्याबद्दल वतनी हक्क मिळत. त्या व्यवस्थेत एक गोष्ट निदान उघड होती : पेठेच्या वतीने बोलणारा कोण, हे सरकार ठरवीत असे आणि तसे सनदेत लिहून देत असे. आधुनिक योजनांमध्ये हीच निवड होते, पण ती कोठे लिहिलेली सापडत नाही. ह्या लेखातील मुख्य म्हणणे एवढेच आहे की, शेजाराला साहाय्य करणारे नगरशासन त्याआधी शेजार म्हणजे कोण हे ठरवून टाकते. साहाय्याचे मूल्यमापन करावयाचे तर प्रथम ह्या ठरविण्याचे मूल्यमापन केले पाहिजे.

योजनेचा उगम सर्वश्रुत आहे. १९९६-९७ च्या सुमारास घाटकोपर (पूर्व) येथील जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीतील कचरा घरातच ओला व सुका असा वेगळा करण्यास प्रारंभ केला. ओल्या कचऱ्याचे जागच्या जागी खत होऊ लागले, सुका कचरा वेचणाऱ्यांच्या हाती जाऊ लागला आणि गल्लीच्या तोंडाशी साचणारा ढीग नाहीसा झाला. महानगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी हा प्रयोग पाहिला आणि त्याला योजनेचे रूप देऊन अन्य वॉर्डांत त्याचा प्रसार आरंभिला. साधारणपणे एक हजार रहिवाशांची एक गल्ली किंवा इमारतींचा एक समूह हे एकक धरले गेले. अशा समूहाने वॉर्ड कार्यालयात नोंद करावयाची, आपला कचरा वेगळा करावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यात वॉर्डातील एका नियुक्त अधिकाऱ्याने त्या समूहाच्या तक्रारींकडे लक्ष पुरवावयाचे, असा हा सोपा करार होता. काही वर्षांत अशा समूहांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली. पुढे त्यांतील पुष्कळसे नावापुरते उरले, काही मात्र आजही नेटाने काम करीत आहेत.

ह्या कराराचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि नगरसेवकांच्या जागा २२७. म्हणजे सरासरीने एका नगरसेवकामागे सुमारे ५५ हजार माणसे. प्रशासकीय वॉर्ड २४, म्हणजे एका वॉर्ड अधिकाऱ्यामागे सरासरी पाच लाखांहून अधिक माणसे; महाराष्ट्रातील कित्येक शहरांची एकूण लोकसंख्याही इतकी नाही. अशा अवाढव्य व्यवस्थेत हजार माणसांच्या गल्लीला एक नाव, एक नोंदणी आणि ओळखीचा एक अधिकारी मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. फुटलेल्या जलवाहिनीची तक्रार घेऊन जो कोणी वॉर्ड कार्यालयाच्या पायऱ्या चढला असेल, त्याला हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

परंतु ह्या साहाय्याचे स्वरूप नीट न्याहाळले म्हणजे त्यात दोन गोष्टींचा अभाव दिसून येतो. समूहाला निधी मिळत नाही आणि अधिकारही मिळत नाही. मिळतो तो केवळ प्रवेश. अधिकारी भेटतो, बैठक घेतो, टिपण करून घेतो; ते टिपण त्याच्यावर बंधनकारक नसते. योजनेचा जन्म प्रशासकीय निर्णयातून झाला, कायद्यातून नव्हे. मुंबईचा कारभार ज्या १८८८ च्या अधिनियमानुसार चालतो, त्यात कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या ठायी आहे आणि आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. तेव्हा गल्लीचा हा करार वस्तुतः गल्ली आणि प्रशासन ह्यांच्यातील आहे. निर्वाचित सभागृह त्यात कोठेच येत नाही. उत्साही अधिकारी लाभला की वॉर्डातील समूह फुलतात, त्याची बदली झाली की ते कोमेजतात, हा अनुभव ह्या रचनेतूनच निपजतो. त्याचा दोष माणसांच्या स्वभावावर टाकून चालणार नाही.

इसा बाउड आणि नवतेज नैनन ह्या अभ्यासकांनी २००८ मध्ये 'एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन' ह्या नियतकालिकात मुंबईच्या प्रभाग समित्या व हे परिसर-समूह ह्यांची तुलना करणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी 'वाटाघाटींतून लाभलेले अवकाश' अशा अर्थाची संज्ञा योजिली आहे, आणि मध्यमवर्गीय चळवळीचे राजकारण हा ह्या समूहांचा विशेष म्हणून नोंदविला आहे. मध्यमवर्गीयत्वाचे त्यांचे निरीक्षण मान्य होण्यासारखे आहे. संज्ञेबद्दल मात्र शंका घ्यावीशी वाटते. वाटाघाट म्हटली की दोन्ही पक्षांजवळ देण्यासारखे आणि रोखून धरण्यासारखे काहीतरी असावे लागते. गल्लीजवळ ते काय होते? वेगळा केलेला कचरा! रहिवाशांनी रागावून कचरा पुन्हा एकत्र टाकण्यास आरंभ केला, तर महानगरपालिकेची फार तर एक गाडी अधिक भरेल. उलट अधिकाऱ्याने बैठक बोलावणे थांबविले, तर समूहाचे अस्तित्वच संपुष्टात येते. एवढ्या विषम बळाच्या व्यवहाराला वाटाघाट म्हणण्यापेक्षा अनुग्रह म्हणणे अधिक यथार्थ होईल. त्या अनुग्रहाचा लाभ घेण्यात काही समूह विलक्षण कुशल ठरले, ही गोष्ट वेगळी.

आणखी एका मुद्द्याकडे लक्ष वेधले पाहिजे. कचरा हे योजनेचे प्रवेशद्वार होते. पण एकदा आत गेल्यावर समूहांनी अन्य विषयांनाही हात घातला. दिवे, पदपथ, खणलेले रस्ते हे विषय ओघाने आलेच. त्यांच्यामागोमाग फेरीवाले आणि 'अतिक्रमण' हेही विषय आले. येथे गल्लीच्या वतीने बोलणारा कोण, ह्या प्रश्नाला धार चढते. सकाळी गल्लीत भाजीची हातगाडी लावणारी बाई त्याच गल्लीत दिवसाचे दहा तास घालविते. पण रहिवासी नसल्यामुळे समूहाच्या बैठकीला ती नसते. तिच्याविषयीची तक्रार मात्र तेथे असते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने जी नगर पथविक्रेता समिती निर्माण केली, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावेत आणि त्यांच्याच शेजारी रहिवासी संघांच्या प्रतिनिधींनीही बसावे, असे ठरविले आहे. ह्या समित्यांचे प्रत्यक्ष काम रखडत चालले आहे हे खरे. परंतु एकाच रस्त्यावर हक्क सांगणाऱ्या दोघांना एका मेजाशी बसविण्याची दृष्टी त्या अधिनियमात आहे. परिसर-व्यवस्थापन योजनेत ती नाही.

आता ह्या योजनेच्या जुळ्या भावंडाकडे वळू. समीक्षकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तेथेच आहे. ह्याच महानगरपालिकेच्या ह्याच घनकचरा विभागाने नव्या शतकाच्या आरंभी झोपडपट्ट्यांसाठी 'दत्तक वस्ती योजना' सुरू केली. २०१३ मध्ये तिला 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान' हे नाव मिळाले. वस्तीतील संस्थेने वस्तीची स्वच्छता अंगावर घ्यावयाची, घराघरांतून कचरा गोळा करावयाचा, गटारे साफ ठेवावयाची आणि लोकशिक्षण करावयाचे. महानगरपालिकेने लोकसंख्येच्या प्रमाणात त्या संस्थेला पैसे द्यावयाचे. शिवाय घरटी काही वर्गणी जमवावयाची, अशी तिची साधारण रूपरेषा.

दोन योजना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांतील भाषेचा फरक ताबडतोब जाणवतो. इमारतींच्या गल्लीला 'व्यवस्थापन' हा शब्द मिळाला, तोही 'प्रगत' ह्या विशेषणासह. वस्तीला मिळाला 'दत्तक' हा शब्द. दत्तक कोणाला घेतात? ज्याला स्वतःचे पालक नाहीत त्याला. गल्लीतील रहिवासी कचरा वेगळा करतो आणि इतर विषयांवर अधिकाऱ्याशी बोलतो. वस्तीतील रहिवासी झाडू मारतो, गटार उपसतो आणि त्याबद्दल पैसे घेतो. पण ह्या पैशाला वेतन म्हणावयाचे नाही, 'मानधन' म्हणावयाचे, आणि काम करणाऱ्याला कामगार म्हणावयाचे नाही, 'स्वयंसेवक' म्हणावयाचे. कामगार म्हटले की किमान वेतनाचा कायदा लागू होतो, हजेरीपट येतो, कायम करण्याची मागणी येते. मुंबईतील कंत्राटी सफाई कामगारांनी कामगार म्हणून मान्यता मिळविण्यासाठी जो प्रदीर्घ न्यायालयीन लढा दिला, आणि ज्यातील सुमारे २७०० कामगारांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निर्णय दिला, त्या लढ्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे 'स्वयंसेवक' ह्या शब्दाचे वजन कळते.

वस्तीला पैसे मिळाले, मग ती अधिक भाग्यवान नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचा विचार केला पाहिजे. पैसे मिळाले, परंतु ते कामाच्या ठेक्यापोटी मिळाले. ठेका घेणारी संस्था वस्तीच्या वतीने महानगरपालिकेपाशी जाब विचारू शकत नाही, कारण पुढील हप्ता त्याच दाराने यावयाचा असतो. गल्लीचा समूह निधीविना असला तरी तोंडाने मोकळा आहे. वस्तीची संस्था निधी घेते आणि तोंड मिटून घेते. एकाच नगरात, एकाच खात्याकडून, नागरिकांचे दोन प्रकार अशा रीतीने घडविले गेले : एक सल्ला देणारा, दुसरा राबणारा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे दोन-पंचमांश लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा दुसरा प्रकार किती मोठा आहे हे ध्यानी येते. आणि मुंबईची भूमी अशी की, हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहतात. त्यांचे गटार एक, बस थांबा एक, पावसाळ्यात तुंबणारे पाणी एक. शेजार मात्र कागदावर दोन.

ही वाटणी कोणी दुष्टाव्याने केली असे सुचविण्याचा हेतू नाही. झोपडपट्टीत प्रत्येक दारापर्यंत गाडी जात नाही, घरात दोन डबे ठेवण्याइतकी जागा नसते, जमिनीच्या मालकीचे प्रश्न असतात. तेव्हा कचऱ्याच्या दृष्टीने दोन पद्धती आवश्यक होत्या, असे अधिकारी म्हणतील आणि ते बरोबरच असेल. आक्षेप आहे तो कचऱ्यासाठी आखलेली सीमा नागरिकत्वाची सीमा होऊन बसली ह्याला. दिल्लीतही असेच घडले. तेथे २००० साली 'भागीदारी' ह्या नावाने जो कार्यक्रम सुरू झाला, तो राज्य शासनाचा होता, महानगरपालिकेचा नव्हे; पण त्यातही आरंभी अधिकृत वसाहतींचे रहिवासी संघ आणि व्यापारी संघ ह्यांनाच भागीदार म्हणून बोलाविण्यात आले. अनधिकृत वसाहती आणि झोपडपट्ट्या बाहेर राहिल्या. ह्या कार्यक्रमाचा २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक सेवा पुरस्काराने गौरवही झाला.

परदेशांतील दोन उदाहरणे ह्या संदर्भात उपयुक्त ठरतील. त्यांपैकी पहिले भयसूचक आहे. जपानमध्ये 'चोनाइकाइ' म्हणून ओळखले जाणारे परिसर-संघ जुने आहेत. १९४० मध्ये तेथील गृहखात्याने आदेश काढून देशभर त्यांची एकसारखी रचना केली आणि त्यांच्या खाली शेजारच्या थोड्या थोड्या घरांचे गट, 'तोनारिगुमि', बसविले. शिधावाटप, हवाई हल्ल्यांपासून बचाव, रोखेविक्री आणि एकमेकांवर नजर, अशी सारी युद्धकालीन कामे त्यांच्याकडे आली. सरकारने शेजाराला इतके साहाय्य क्वचितच कोठे दिले असेल! १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या लष्करी प्रशासनाने हे संघ बंद केले. १९५२ मध्ये तह अंमलात आल्यावर ती बंदी उठली आणि संघ पुन्हा सर्वत्र दिसू लागले. १९९१ च्या कायद्यातील दुरुस्तीने त्यांना मालमत्ता धारण करण्यापुरते कायदेशीर व्यक्तित्व मिळाले. मान्यता म्हणजे हुकूम होऊ नये म्हणून ती किती मर्यादित असावी, ह्याचा धडा जपानी कायदेमंडळाने ह्या इतिहासातून घेतला असावा असे वाटते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील सिअ‍ॅटल नगराचे. त्या नगराने १९८८ मध्ये परिसर-संघांसाठी एक निधी स्थापन केला. संघाने आपल्या परिसरात करावयाचे काम सुचवावे आणि त्याच्या खर्चाचा तुल्य वाटा स्वतः उचलावा. उरलेला वाटा नगर देईल. हा तुल्य वाटा रोख रकमेतच असला पाहिजे असे नाही. रहिवाशांनी दिलेले श्रम ताशी ठराविक दराने मोजून तो भरता येतो. मुंबईच्या वस्तीशी ह्याची तुलना करून पाहावी. श्रम दोन्हीकडे रहिवाशांचेच. सिअ‍ॅटलमध्ये ते भांडवल म्हणून मोजले गेले आणि श्रम देणारा कामाचा सहमालक ठरला. मुंबईत ते मानधनाच्या हिशेबात गेले आणि श्रम देणारा ठेकेदाराचा माणूस ठरला. दरिद्री परिसराकडे श्रमाशिवाय द्यावयास दुसरे काय असते? तेव्हा श्रमाची मोजणी कोणत्या खात्यात करावयाची हा हिशेबनिसाचा किरकोळ प्रश्न नाही.

तथापि सिअ‍ॅटलचा पुढील इतिहासही सांगितला पाहिजे, नाहीतर ते चित्र गोंडस होईल. तेथे तेरा जिल्हा-परिषदांच्या द्वारा परिसर-संघ नगरशासनाशी जोडलेले होते. २०१६ च्या जुलैमध्ये महापौर एड मरी ह्यांनी आदेश काढून ह्या परिषदांशी असलेले नगराचे औपचारिक संबंध तोडले. कारण असे दिले की, परिषदांत येणारे लोक बहुतांशी वयस्क, गौरवर्णीय आणि स्वतःच्या घरांचे मालक आहेत. भाडेकरू, तरुण आणि परदेशांतून येऊन राहिलेले लोक त्यांत दिसत नाहीत. निदान अचूक होते. उपाय मात्र घाईचा वाटतो, कारण बैठकीत कोण नाही हे कळल्यावर त्याला बैठकीत आणण्याऐवजी बैठकीचीच मान्यता काढून घेण्यात आली. तरीही ह्या प्रसंगात एक गोष्ट अनुकरणीय आहे : मान्यताप्राप्त संघ कोणाचे प्रतिनिधित्व करतात, हा प्रश्न नगरशासनाने जाहीरपणे विचारला. मुंबईत परिसर-समूहांचे मूल्यमापन झाले ते समूह सक्रिय की निष्क्रिय, खतखड्डा चालू की बंद, ह्या प्रश्नांवर. भाडेकरू किती, स्त्रिया किती, रस्त्यापलीकडच्या वस्तीतील कोणी आहे काय, हे त्या मोजणीचे विषय झाले नाहीत.

बेरी, पोर्टनी आणि थॉमसन ह्यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द रीबर्थ ऑफ अर्बन डेमोक्रसी' ह्या ग्रंथात पाच अमेरिकन नगरांतील अशा व्यवस्थांचा अभ्यास आहे. लेखकांचा एकूण कल अनुकूल असूनही त्यांना एक निष्कर्ष प्रांजळपणे नोंदवावा लागला : उत्तम रचना उभारल्याने भाग घेणाऱ्यांची एकूण संख्या फारशी वाढत नाही. आपल्या दृष्टीने ह्या ग्रंथातील पोर्टलंड आणि सॅन अँटोनिओ ही दोन नगरे अधिक बोधक आहेत. पोर्टलंडमध्ये नगर पैसा देते, पण परिसर-संघांच्या साहाय्यासाठी नेमलेले कर्मचारी संघांच्याच मंडळांना उत्तरदायी असतात. सॅन अँटोनिओतील 'कॉप्स' ही मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी परिसरांतील चर्च-समूहांवर उभी राहिलेली संघटना नगराचा पैसाच घेत नाही आणि त्या बळावर नगराशी भांडते. पैसा आणि नियंत्रण ह्यांची गाठ सोडविता येते. ती एकाच रीतीने सोडविली पाहिजे असेही नाही. मुंबईच्या दोन्ही योजनांत ही गाठ कोणी सोडवावयास घेतलीच नाही. एकीत पैसा नको म्हणून टाळला, दुसरीत पैशाबरोबर जिव्हा विकत घेतली.

कोणी म्हणेल, ह्या योजनांकडून प्रतिनिधित्वाची अपेक्षाच का धरावी? त्या तर कचऱ्याच्या योजना. आक्षेप रास्त ठरला असता, जर प्रतिनिधित्वाची दुसरी सोय अंमलात आली असती. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अंमलात आली, तीन लाख व त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या स्थापण्याचे बंधन घातले. मुंबईत त्या २००० मध्ये अस्तित्वात आल्या. २४ प्रशासकीय वॉर्डांसाठी १६ समित्या. म्हणजे एका समितीमागे सरासरीने सात-आठ लाख माणसे. ह्याला 'सान्निध्य' म्हणावयाचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल. समितीत स्वयंसेवी व वस्तीपातळीवरील संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य घेण्याची तरतूद आहे. पण त्यांची निवड नगरसेवकच करतात. नगरसेवकाच्या नजरेतून सुटलेले जे असेल ते समितीत यावे अशी अपेक्षा, आणि ते निवडणारा पुन्हा नगरसेवकच! परिसर-समूहांतील नागरिकांनी प्रभाग समितीकडे पाठ फिरवून थेट अधिकाऱ्याचे दार धरले, ह्यात नवल काय?

प्रभाग समितीच्या खाली, मतदाराच्या उंबरठ्याजवळ पोहोचणारी रचना कायद्यात आली ती २००९ मध्ये. केंद्र शासनाच्या नागरी पुनरुत्थान अभियानाने राज्यांवर लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली होती आणि त्यासाठी 'नगरराज' नावाचे आदर्श विधेयकही तयार केले होते. महाराष्ट्राने त्याला अनुसरून क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या मोजक्या मतदान केंद्रांच्या यादीतील सर्व मतदार हे क्षेत्रसभेचे सदस्य. ही तरतूद वाचताना तिचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. परिसर-समूहात यावयाचे तर नोंदणी करावी लागते, वस्तीतील संस्थेला ठेका घ्यावा लागतो. क्षेत्रसभेत यावयास केवळ मतदारयादीत नाव पुरे. आणि मतदारयादी सोसायटी व झोपडी हा भेद करीत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे एका सभेत बसू शकतील अशी एवढी एकच रचना आपल्या नागरी कायद्यात आहे. अर्थात तीतही स्थलांतरित मजूर आणि गावाकडे नाव असलेला भाडेकरू सुटतोच. भाजीची गाडी लावणारी बाई दुसऱ्या उपनगरातून येत असेल तर तीही सुटते.

परंतु महाराष्ट्राच्या कायद्याने आदर्श विधेयकातील एका महत्त्वाच्या भागाला बगल दिली. त्या विधेयकात क्षेत्रसभेचा स्वतंत्र प्रतिनिधी कल्पिलेला होता. आपल्याकडे सभेचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे गेले. सभा त्याने बोलवावयाची, आणि सभेत प्रश्न बहुधा त्यालाच विचारले जावयाचे. अशी सभा तो होऊन कशाला बोलावील? पुढील दशकात राज्यातील महानगरपालिकांत क्षेत्रसभा भरविण्याची रूढी पडली नाही, ह्याचे कारण लोकांच्या औदासीन्यात शोधणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे कलम एकदा पुन्हा वाचावे.

मुंबईत मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि वेळेवर निवडणुका न झाल्यामुळे त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात प्रभाग समित्या नव्हत्या. क्षेत्रसभेचा अध्यक्ष होऊ शकेल अशी व्यक्तीही पदावर नव्हती. वस्त्यांचे स्वच्छतेचे ठेके प्रशासकाच्या सहीने चालू शकत होते. परिसर-व्यवस्थापनाची योजनाही चालू शकत होती, कारण तिला नगरसेवकाची गरज आरंभापासूनच नव्हती.